टिपायचं, चोळायचं नाही

रशीदभाईंना मी शेवटचं भेटले तेव्हा ते पलंगावर पडून होते आणि तपासणी मात्र माझीच झाली. माझे लाल डोळे बघून म्हणाले, "मॅडम, चोळून राहिले ना तुम्ही?" मी डॉक्टर असून शरमेनं हात खाली घेतला. चार दिवसांनी त्यांच्या लेकीचा फोन आला...

नांदेडच्या माझ्या दवाखान्यात लेसरआधीची तपासणी तेच करायचे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा कमजोर असेल आणि चष्मा घालवायला लेसर केलं, तर तो फुगत जातो, नजर बिघडते. त्यासाठी यंत्रावर डोळ्याचा नकाशा काढतात. पण रशीदभाई यंत्राच्या आधी बाहेरच्या बाकावर पेशंटशेजारी बसायचे, हिमायतनगरच्या बाजारापासून सोयरिकीपर्यंत गप्पा हाणायचे आणि तो डोळे चोळतो का ते बघायचे. चोळणाऱ्यांत ही कमजोरी जास्त सापडते. चोळला की केसपेपरच्या कोपऱ्यात लाल टिंब. त्या टिंबाची मी मनसोक्त थट्टा केली आहे.

मग माझी धाकटी बहीण सुजाता लातूरहून आली. सोमवारी बँकेत हजर व्हायचं होतं, त्याआधी चष्मा घालवायचाच, असा हट्ट. नकाशा मला ठीक वाटला. रशीदभाई मात्र फाईल काखेत मारून दारात उभे राहिले. कोपऱ्यात एक नाही, तीन टिंबं.

"रशीदभाई, डॉक्टर मी आहे."

"हाव मॅडम. पण पोरगी चहा पिऊस्तोवर तीनदा डोळे चोळली. अन् लेन्स आज सकाळीच काढली म्हणती, लेन्सनं पडदा दबतो, नकाशा खोटा येतो. पंधरा दिवस लेन्स बंद करू द्या, मग पुन्हा नकाशा काढू."

मी चिडले, पण थांबले. पंधरा दिवसांनी नकाशात डाव्या डोळ्याचा पडदा खालच्या बाजूला पातळ निघाला. बहिणीच्या मायेपोटी मीच तिचा डोळा घालवला असता. रशीदभाईंचे वडील शिंपी होते. रशीदभाई सुजाताला एवढंच म्हणाले, "कापड विरलं असलं की त्याला कात्री लावत न्हाईत, बेटा. डोळा खाजला तर टिपायचा, चोळायचा न्हाई." ती महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. पुढे पडदा घट्ट करायचे उपचार घेतले, आणि मग दर ईदला शिरखुर्म्याला पहिली तीच हजर.

परवा आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. सुजाताला रडू आवरेना. मूठ डोळ्यापाशी गेली, तिथंच थबकली. तिनं रुमालाची घडी केली आणि हलकेच टिपू लागली. रशीदभाईंच्या बायको शबानाभाभी रडता रडता हसल्या. "हां, असंच टिपा. चोळलं तर उठून बसतील ते."

मीही पर्समधून रुमाल काढला, त्याची नीट घडी घातली.