सोनबाचे थोरले बंधू

सोनबा कोकऱ्याला थोरला भाऊ नव्हता. धाकटाही नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं ह्या थोरल्या भावावरून बराच घोळ व्हायचा आहे.

सोनबाची वस्ती मोरगावच्या अलीकडं, माळाच्या उतरणीला. आजा-पणजा मेंढरांमागं फिरले, बापानं माळ फोडून रान केलं आणि सोनबाच्या वाट्याला आली कोरडवाहू ज्वारी, चार शेळ्या आणि एक छंद. छंद बुजगावण्यांचा. आता बुजगावणं कोण करत नाही? दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधायच्या, वर मडकं पालथं घालायचं, फाटका सदरा चढवायचा, झालं. पण सोनबाला असलं खपत नसे.

"पाखरांस्नी काय अक्कल न्हाय व्हय?" तो विचारायचा.

"हाय की," त्याची बायको बानूबाई म्हणायची. "म्हणून तर ती दानं खाऊन घरला जात्यात. बुजगावणी करत बसत न्हाईत."

म्हणायची खरी, पण जुनेर आणि सुतळी तीच काढून द्यायची. ज्वारीच्या कणसात दाणा भरायला लागला की कोकऱ्यांच्या ओसरीवर नुसता पसारा. सोनबानं कडबा ठासून हातपाय भरायचे, लेकीनं, म्हणजे संजीवनीनं, मडक्यावर चुना आणि काजळीनं तोंड काढायचं, आणि बानूबाईनं पलीकडं भाकरी थापता थापता नाक वाकडं आहे म्हणून ओरडायचं. बिघडलेल्या कॅसेटची फीत रानावरून ताणली की वाऱ्यानं ती गुणगुणायची आणि पाखरं पळायची. पण ती सोनबाच्या मते लबाडी. खरी कला बुजगावण्यात.

आणि कला तरी कसली! एके वर्षी हात वर केलेलं बुजगावणं रस्त्याच्या कडेला उभं केलं, तर एसटी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं, वाट पाहिली, शिव्या हासडल्या आणि घंटी मारली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर बदलला, एसटी पुन्हा थांबली. लोकांची कामं खोळंबायला नकोत म्हणून सोनबानं तो हात खाली बांधला.

ही गोष्ट आहे त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुगीची. त्या साली सोनबाच्या डोक्यात नवीनच किडा वळवळला. उभा माणूस म्हणजे बुजगावणं, हे पाखरांनी आता ओळखलंय, तेव्हा आपण बसलेला माणूस करायचा! मग वस्तीच्या वाटेलगत बांधावर एक ऐसपैस दगड होता, त्यावर गडी बसवला. डोक्याला आज्याचं तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, मांडीवर तंबाखूची पिशवी. मिशा शेळीच्या केसांच्या. संजीवनीनं डोळे असे काढले की गडी जरासा खाली बघतोय, तंबाखू मळायच्या विचारात आहे. कुणी ओळखीचं येऊन बसेल तर बरं, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. बानूबाईसुद्धा पदराआड हसली.

आता संजीवनीचं. इंदापूरच्या बाजूला बापूसाहेब मारकड म्हणून द्राक्षबागाईतदार होते, त्यांचा मुलगा सुयोग तिला बघून गेला होता. बघायला आलेली पोरं कशी, खाली मान घालून पोहे खातात आणि नाव विचारतात. ह्यानं दारावर टांगलेला चिंध्यांचा पोपट बघितला आणि विचारलं, "हा कुणी केला?" तिनं सांगितलं. "ह्याची चोच लई भारी हाय," तो म्हणाला, आणि पोरगी तिथंच गार झाली. दोन्हीकडून पसंती होती. राहिलं होतं एवढंच, की बापूसाहेब एकदा येऊन घरदार बघणार आणि मग साखरपुडा.

पण घोडं अडायचं ते इथंच. बापूसाहेब मानाचा भुकेला माणूस. एका लग्नात त्यांच्या आधी त्यांच्या चुलत्याच्या मेव्हण्याला फेटा बांधला, तर भरल्या पंगतीतून उठून, हातसुद्धा न धुता त्यांनी इंदापूर गाठलं होतं. मानापायी त्यांनी दोन सोयरिकी मोडल्या होत्या. आणि दुसरी गोष्ट, चष्मा होता, पण खिशात. लावला की माणूस म्हातारा दिसतो, असं त्यांचं मत.

ते आले तेव्हा सोनबा अंगणात हुरड्याची आगटी पेटवत होता. बघतो तर पाव्हणे वाटेनं येतायत आणि तोंड लालेलाल.

"राम राम, पाव्हणं! या, या."

"ऱ्हाऊ द्या," बापूसाहेब अंगणाबाहेरच थांबले. "ह्या घरात आल्या-गेल्याला किती मान हाय, ते आमाला वाटंतच कळलं."

"म्हंजी? काय चुकलं आमचं?"

"तितं बांधावर बसल्यात ते कोण? एकदा राम राम घातला, न्हाय ऐकला. म्हटलं, वयस्कर माणूस हाय. थांबून दुसऱ्यांदा घातला, तरी मान वर करंना! इंदापूर तालुक्यात आमाला असं कुणी केलं न्हाय."

सोनबानं बांधाकडं पाहिलं. खरं सांगावं तर, बापूसाहेब, तुम्ही बुजगावण्याला दोनदा हात जोडलेत, असं सांगायचं. म्हणजे मान गेला आणि सोयरीकही गेली. न सांगावं तर अपमान तसाच. त्यानं आ केला आणि तो तसाच ठेवला. दाराआड संजीवनी भिंतीला टेकून उभी होती, तिचं तोंड तिनंच रंगवलेल्या मडक्यासारखं पांढरं पडलेलं.

तेवढ्यात बानूबाई पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. पदर सारखा केला आणि म्हणाली, "ते व्हय? ते आमचं थोरलं भावजी. मौन धरलंय त्येनी."

सोनबानं बायकोकडं पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात आपल्याला भाऊ आहे हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.

"मौन?" बापूसाहेबांचा आवाज एकदम खाली आला. "कवापर्यंत?"

"सुगी हुईस्तोवर. पिकासाठी धरलंय. मान हलवायची न्हाय, हात बी जोडायचा न्हाय, लई कडक हाय."

"आरं आरं! आन् आमी मनातल्या मनात त्येंना नको ते बोललो की!" बापूसाहेबांनी दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या, पायावर पाणी घेतलं आणि घोंगडीवर बसले.

हुरडा झकास जमला. शेंगदाण्याची चटणी, गूळ, कोवळी कणसं. बापूसाहेब तळहातावर दाणे चोळत, फुंकर मारत, अर्धं रान खाऊन गेले असतील. पण नजर सारखी बांधाकडं.

"त्येंच्या मुंडाशावर काळं काय दिसतंय?"

मुंडाशावर कावळा बसला होता.

"तुरा हाय," सोनबा म्हणाला. आता त्यालाही जोर आला होता.

"झकास हाय." बापूसाहेबांनी आणखी एक मूठ तोंडात टाकली. मग दचकून म्हणाले, "तुरा उडाला की!"

"वारं लई हाय आज," बानूबाई म्हणाली. वाऱ्यानं एक पान हलत नव्हतं. संजीवनी आत पळाली आणि उशीत तोंड खुपसून हसली, आणि हसता हसता तिला रडूही आलं, कारण हे सगळं कळलं की आपलं लग्न मोडणार, एवढं तिला दिसत होतं.

जाताना बापूसाहेबांनी बांधाजवळ लांबूनच वाकून नमस्कार केला. "साखरपुड्याला पयला फेटा थोरल्या बंधूंना," ते म्हणाले. "मौनातल्या माणसाला मांडवात वढत आणायचं न्हाय. मी सोता रानात येऊन बांधणार."

मग काय, कोकऱ्यांच्या घरात झोप कुणाची आणि भूक कुणाची! एकदा ठरलं, बुजगावणं काढून टाकायचं आणि भाऊ काशीला गेला म्हणायचं. मग बानूबाईला आठवलं की मौनवाला माणूस सुगीआधी उठला तर नवस मोडेल. एकदा ठरलं, घोंगडी पांघरून सोनबानंच बसायचं. मग मुलीचा बाप कुठाय म्हणून विचारलं तर?

"आबा, मी सांगते त्येंना," शेवटी संजीवनी म्हणाली. "डोळं मी काढल्यात. मोडलं तर मोडू द्या."

"तू गप. मी सांगतो," सोनबा म्हणाला. लेकीनं असं म्हणावं ह्याचं त्याला फार वाईट वाटलं. आपला छंद, आणि लग्न तिचं मोडायचं.

साखरपुड्याच्या दिवशी मंडळी उतरली तशी बापूसाहेबांनी गुलाबी फेटा काखेत मारला आणि सोनबाला म्हणाले, "चला. दोघंच जाऊ."

वाट एवढीशी, पण सोनबा निम्म्यात थांबला. "बापूसायेब, एक सांगायचं ऱ्हायलंय बघा. ते आमचं थोरलं बंधू..."

"मौनातल्या माणसाम्होरं बडबड करू नये."

बांधावर पोचल्यावर बापूसाहेबांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि नाकावर चढवला. सोनबानं डोळेच मिटून घेतले. कापडाची सळसळ कानावर आली. डोळे उघडून बघतो तर मुंडासं उतरवून घोंगडीवर ठेवलंय, आणि पाव्हणे मडक्याला पीळ देऊन देऊन फेटा बांधतायत. शेमला काढला, मागं सरून बघितलं, पुन्हा जाऊन तुरा नीट केला. मग हात जोडून म्हणाले, "राम राम."

आणि सोनबाकडं वळून, "डोळं कुणी काढल्यात?"

"संजीवनीनं."

"आन् मिशा?"

"त्या मी. शेळीच्या हायत."

"उजवी जराशी झडलीय."

"तुमाला... कवा कळलं?"

"त्याच दिशी. फाट्यावर एसटीची पाटी वाचायला चष्मा लावला, तो काढायचा ऱ्हायला. एसटीत बसलो, ती आली ह्याच रानाकडंनं. बघतो तर बंधूंच्या डोस्क्यावर दोन कावळं भांडत्यात."

"मग मोडलं का न्हाय?"

"मोडून लोकांस्नी काय सांगू? बुजगावण्यानं राम राम घेतला न्हाय म्हणू?" बापूसाहेब गंभीर राहायला बघत होते, पण आधी पोट हललं, मग मिशी, आणि मग ते जे हसत सुटले ते बंधूंच्या शेजारी दगडावर टेकलेच. सोनबाही दुसऱ्या बाजूनं टेकला. वस्तीवरच्या मंडळींना लांबून तिघं जण बसलेले दिसले, आणि बानूबाईनं देवाला हात जोडले.

"पर हे आपल्या दोघांत," डोळे पुसत बापूसाहेबांनी बजावलं, आणि चष्मा खिशात गेला.

लग्न उन्हाळ्यात झालं. ओसरी ओकीबोकी झाली. पुढच्या सुगीला सोनबानं एकट्यानंच बुजगावणं केलं, पण डोळे जमेनात. कधी तिरळे, कधी रागीट. बानूबाईनं नाक वाकडं म्हणून ओरडून बघितलं, तरी मजा येईना. पोरगी मोठ्या बागाईतदाराच्या घरात पडली, तिथं तिला हे चिंध्या-मडक्यांचे खेळ कोण करू देणार, ही एकच बोच सोनबाला खात होती.

द्राक्षं भरायच्या दिवसांत तो लेकीला बघायला इंदापूरकडं गेला. हुरड्याची पिशवी खांद्यावर टाकून बागेच्या कडेनं चालला होता, तर बांधावरच्या दगडावर खुद्द बापूसाहेब बसलेले. काळा कोट, गुलाबी फेटा, चष्मा लावलेला.

"राम राम, इवाय!" सोनबा व्याह्यांना म्हणाला.

सोनबानं आवाज चढवला.

"राम राम म्हटलं!"

बापूसाहेबांनी मान वर केली नाही. सोनबाच्या मस्तकात तिडीक गेली. एवढा काय माज, पोरगी दिली म्हणून काय झालं, असं तोंडावर बोलायला तो पुढं झाला आणि मिशांजवळ थबकला. शेळीच्या होत्या, आणि चष्मा नुसत्या तारेचा. मग त्यानं डोळे बघितले. जरासे खाली, तंबाखू मळायच्या विचारात. कुणी ओळखीचं येऊन बसेल तर बरं, असे.

पोरगी सुखात आहे, हे आता कुणाला विचारायची गरज नव्हती. तो त्या दगडावर शेजारी बसला, तंबाखूची पिशवी काढली आणि निवांत मळत राहिला. घरात जायची घाई त्याला वाटेना.

तिकडं अंगणात खरे बापूसाहेब बाहेर आले. चष्मा नेहमीप्रमाणं खिशात. कपाळावर हात धरून त्यांनी बांधाकडं पाहिलं आणि आत हाक मारली.

"सूनबाई, आज दोन बसवल्यात व्हय गं? उजवीकडचं न्हाय जमलं. लईच वाकलंय बिचारं."

संजीवनीनं दारातून डोकावून बघितलं आणि हातातलं पीठ तसंच घेऊन ती बांधाकडं पळत सुटली.