राखीव जागेवरून उठलेला गोलकीपर

फैयाज शेख पुण्याचा क्लब सोडून नेवाशाच्या संघात खेळायला गेला, तेव्हा नगरजवळच्या आमच्या भिंगारमध्ये बरेच दिवस हळहळ चालली होती. किराणा दुकानदारापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं, "चांगलं पोरगं, पण घसरलं." यातल्या एकानेही फैयाजला पुण्यात खेळताना पाहिलेलं नव्हतं. पाहणार कसं? तो खेळतच नव्हता. एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात शिरेना. सांगून सांगून माझा घसा बसला, म्हणून शेवटी लिहायला बसले.

आमच्या घरासमोर नबीलाल गादीवाल्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. नबीलाल कापूस पिंजतात, त्यांची बायको हाजराबी गाद्यांना टाके घालते, आणि त्यांचा नातू फैयाज लहानपणी त्या कापसात उड्या मारायचा. फुटबॉलचा गोलकीपर कसा तयार होतो हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, समोरच्या दुकानात दिसलं. मित्राने रस्त्यातून चेंडू मारायचा आणि फैयाजने अर्धवट शिवलेल्या गादीवर आडवं झेपावून तो धरायचा. केसांत कापूस, भुवयांवर कापूस. नबीलाल पिंजता पिंजता सांगायचे, "तळहात पुढं, खांदा मागनं." मागून हाजराबीचा आवाज, "अरं मुडद्या, गिऱ्हाइकाची गादी हाय ती! त्याच्या आधी तूच झोपून घेतोस व्हय?"

फैयाजचे वडील टेम्पो चालवतात, आई कमी बोलते. घरातलं सगळं बोलणं हाजराबीने स्वतःकडे घेतलेलं आहे. अख्खी गल्ली मला बाई म्हणते, कारण मी कॉलेजात शिकवायचे. हाजराबीही बाईच म्हणते, पण हुकूम सोडल्यासारखं.

फैयाज वाढला तो सहा फुटांच्या आसपास गेला. शाळेकडून खेळला, कॉलेजकडून खेळला, जिल्ह्याकडून खेळला. लष्कराच्या जवानांच्या संघासमोर त्याने एकदा असा काही खेळ केला की सामना संपल्यावर त्यांचा सुभेदार त्याला खांद्यावर घेऊन फिरला. मग पुण्याच्या मोठ्या क्लबने त्याला बोलावलं. गल्लीत पेढे वाटले गेले. मीही दोन खाल्ले, मधुमेह असून.

पहिल्या ईदला तो घरी आला तो क्लबचं निळं जॅकेट घालून. मी शिरखुर्मा प्यायला गेले होते. हाजराबीने नातवाला समोर बसवून चौकशी सुरू केली.

"पुन्यात तुला कोन म्हनून ठेवलंय?"

"राखीव गोलकीपर, दादी."

"राखीव?" हाजराबीचे डोळे मोठे झाले. "म्हंजी एस्टीतल्या शिटावानी?"

हाजराबी शाळेत गेलेली नाही. पण माहेर जामखेडचं, सगळा जन्म एस्टीने ये-जा केलेली. खिडकीवर रंगवलेला 'राखीव' हा एवढा एकच शब्द तिला वाचता येतो आणि त्याचा अधिकारही ठाऊक आहे. कोणी कितीही धट्टाकट्टा पुरुष त्या सीटवर बसलेला असो, हाजराबी त्या अक्षरांवर बोट ठेवते आणि त्याला उठवते. मी स्वतः पाहिलं आहे.

फैयाज हसला. "तसंच समज."

झालं! दुसऱ्या दिवसापासून गल्लीभर बातमी. "माज्या फैयाजसाठी पुन्यात जागा राखून ठेवलीया. कुनी बी बसलं असंल तर त्याला उठवत्यात आन् ह्याला बसवत्यात." मी एकदा तिला खरा अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर दुकानाच्या दारातून फैयाजने मला मान हलवून 'नको' म्हटलं. मी गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, पण आजी त्याची, शब्दही त्याचा.

आता फुटबॉलमधलं एक सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पुढे खेळणारा राखीव खेळाडू असला तर त्याला शेवटी थोडा वेळ का होईना मैदानात सोडतात. कोणी दमतो, कोणाचं चुकतं. गोलकीपरचं तसं नसतं. पहिल्या गोलकीपरला दुखापत झाल्याशिवाय दुसऱ्याची पाळी जवळपास येतच नाही. त्या क्लबचा पहिला गोलकीपर ओम नावाचा मुलगा होता. गुणी, तब्येतीने खणखणीत, कधी सर्दीसुद्धा न होणारा. फैयाज सराव करायचा, संघाबरोबर गावोगाव जायचा, जॅकेट घालून बाकावर बसायचा आणि परत यायचा. अशी तीन वर्षं गेली.

मग तो क्लब एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी नगरला आला. हाजराबी म्हणाली, "बाई, चला. पोराची जागा बघून यिऊ." ठेवणीतली साडी, डोक्यावर पांढरी ओढणी, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू. रिक्षावाल्यालाही तिने सांगितलं की नातू राखीव आहे. तो बिचारा "वा वा" म्हणाला.

सामना सुरू झाला. गोलजाळ्यासमोर ओम उभा. फैयाज बाकावर, मांडीवर हातमोजे. हाजराबी आधी शांत होती. तिला वाटलं, आत्ता उठवतील. मग चुळबुळ सुरू झाली. मध्यांतर झालं तशी ती ताडकन उठली आणि मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत दोरीखालून वाकून थेट प्रशिक्षकांसमोर जाऊन उभी राहिली. मीही मागे धावले, माझ्या गुडघ्यांना जमलं तेवढी.

"सायेब, मी फैयाजची दादी. जागा राखीव हाय ना त्याची? मग त्या पोराला उठवा की. भल्या घरचा दिसतोय, समजून घिल."

दोन-तीन खेळाडू फस्सकन हसले. फैयाजची मान खाली. प्रशिक्षक मात्र हसले नाहीत, त्यांच्याबद्दल हे मी आवर्जून सांगते. ते म्हणाले, "आजी, इथे राखीव म्हणजे गरज पडली तर."

"गरज कवा पडती?"

"ओमला काही लागलं तर."

हाजराबीने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "म्हंजी त्या लेकराला लागावं म्हनून माज्या लेकरानं बसून ऱ्हायाचं?"

हाजराबी फिरली, लाडवांची पिशवी फैयाजच्या शेजारी बाकावर ठेवली आणि जागेवर येऊन बसली.

उत्तरार्धात नेमका ओम पडला. एका दांडग्या गड्याशी टक्कर झाली आणि तो खांदा धरून मातीत लोळायला लागला. फैयाज उभा राहिला. जॅकेट काढलं, मोजे चढवले. त्याचा चेहरा उजळला होता. इतक्या लांबून मला दिसलं, तर त्याला स्वतःला कळलं नसेल का? तेवढ्यात ओम उठला, खांदा झटकला, टाळ्या पडल्या. फैयाजने मोजे काढले. क्लब जिंकला. चषकाच्या फोटोत फैयाज कडेला उभा होता आणि त्याच्या हातात लाडवांची पिशवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात बसलेला दिसला. मी उशीला कापूस भरून घ्यायच्या निमित्ताने गेले. निमित्तच होतं, उशी चांगली होती.

"बाई, नेवाशाला जातोय," तो म्हणाला. "गोरक्षनाथ सर दिवाळीपासून बोलावतायत."

गोरक्षनाथ सर म्हणजे नेवाशाच्या एका शाळेचे खेळाचे मास्तर. शुगर फॅक्टरीच्या कामगारांची पोरं, एक बँकेतला कारकून, एक केळीवाला, असे गोळा करून त्यांनी संघ उभा केलेला. त्यांचा गोलकीपर नोकरी लागून परगावी गेला होता.

मी सरळ विचारलं, "मैदानावर गवत आहे का?"

"नाही. काळी माती. उन्हाळ्यात भेगा पडतात."

"कपडे?"

"आपले आपण धुवायचे."

"पुण्याचे लोक काय म्हणतात?"

"म्हणतात, अजून एक वर्ष थांब. ओम कदाचित आणखी मोठ्या क्लबात जाईल."

"मग? घाई कसली आहे?"

फैयाजने कापसाचा एक पुंजका बोटांत घेतला. "बाई, काल ओम पडला तेव्हा मला बरं वाटलं. ओम माझ्या खोलीत राहतो. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यानंच माझी भांडी घासली, मला डॉक्टरकडे नेलं. आणि तो मातीत पडलेला असताना मी मनात म्हणत होतो, उठू नको. दादीनं जे विचारलं ना, ते खरंच आहे. मी तेच करत बसलोय तिथं. अजून एक वर्ष बसलो तर मला त्याची सवय होईल."

मी आयुष्यभर शहाण्या माणसांत वावरले. स्वतःबद्दल इतकं स्वच्छ बोललेला माणूस मला फार वेळा भेटलेला नाही. मी उशी तिथेच विसरून घरी आले.

फैयाजच्या घरात अर्थातच दंगल झाली. वडील म्हणाले, पुण्याचं नाव मोठं. आई रडली. नबीलाल पिंजण थांबवून एवढंच म्हणाले, "गादी काय दुकानात ठिवायला शिवतो का आपन?" आणि पुन्हा पिंजायला लागले.

शेवटी सगळे हाजराबीकडे बघायला लागले. ती म्हणाली, "मी समद्या गावाला सांगितलंय राखीव हाय म्हनून. आता काय तोंड दाखवू?"

फैयाज तिच्या पायाशी बसला. "सांग, शीट सोडलं."

"आन् कशापायी सोडलं म्हनून सांगू?"

"उभं राहायचं होतं म्हणून."

हाजराबीने त्याच्या डोक्यावर एक टप्पल मारली आणि आत चहा करायला गेली. याला आमच्याकडे परवानगी म्हणतात.

नेवाशातला त्याचा पहिला मोठा सामना जामखेडशी होता. नबीलालांनी दुकान बंद ठेवलं, हे मी प्रथमच पाहिलं. आम्ही तिघं एस्टीने निघालो. गाडीत महिलांची राखीव सीट मोकळी होती, मी बसले. हाजराबी बसेना. घोडेगाव मागे पडेपर्यंत उभी. मी म्हटलं, "अहो, ती सीट तुमच्या हक्काची आहे." तर म्हणाली, "तुमी बसा बाई. माजं त्या शब्दाशी भांडान हाय."

फाट्यावर उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याने विचारलं, "देवळात का?" हाजराबी म्हणाली, "मैदानावर. माजा नातू खेळनार हाय." 'खेळनार' वर तिने असा जोर दिला की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

मैदान फैयाजने सांगितलं होतं तसंच. एका बाजूला बाभळी, चेंडू तिकडे गेला की सगळ्यांचा श्वास अडकायचा. मांडवात पाहुण्यांसाठी सोफे टाकलेले. गोरक्षनाथ सर स्वतः धावत आले, "दादी, या, पहिल्या रांगेत तुमची जागा धरून ठेवलीय." सोफ्यावर कागद चिकटवलेला होता. हाजराबीने त्यावरचा तिला येणारा तो एकमेव शब्द वाचला आणि हात जोडले. "ह्याच्यावर दुसरं कुनी बसवा." ती चालत गेली आणि फैयाजच्या गोलजाळ्यामागे जाऊन उभी राहिली. नबीलालही गेले. मग मी तरी सोफ्यावर काय करू?

बरं झालं गेले. तिथून मला फैयाजचा आवाज ऐकू आला. पुण्याच्या बाकावर तीन वर्षं तोंड मिटून बसलेला हा मुलगा इथे अखंड ओरडत होता. "केळीवाले, डावीकडे! साहेब, माणूस सोडू नका! मागे या, मागे!" बँकेतला कारकून त्याच्या एका हाकेसरशी असा पळत होता, जसा बँकेत कधी पळाला नसेल. एकदा जामखेडच्या पोराने अगदी जवळून चेंडू हाणला. फैयाज आडवा झेपावला, गादीवर झेपावायचा तसाच, फक्त खाली दगडासारखी माती. चेंडू बोटांना लागून बाहेर गेला. कोपर सोलून निघालं. नबीलाल पुटपुटले, "तळहात पुढं, खांदा मागनं. ऱ्हायलंय ध्यानात." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं, मला धुळीची ॲलर्जी आहे.

नेवाशाने एक गोल केला. मैदान नाचलं. आणि अगदी शेवटी जामखेडने कोपऱ्यातून उंच मारलेला चेंडू एका टकलावर आदळून फैयाजच्या हातावरून जाळ्यात गेला. बरोबरी. मांडवात हाय हाय झाली. फैयाजने वळून चेंडू जाळ्यातून काढला. हाजराबीशी त्याची नजरानजर झाली. मला वाटलं, आता म्हातारी खचणार.

हाजराबीने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आजूबाजूचे लोक बघायला लागले. एक जण म्हणाला, "आजी, गोल आपल्यावर झालाय."

"मला कळतंय! माज्या नातवावर झालाय," हाजराबी म्हणाली. "तीन वर्सांत त्याच्यावर एक गोल झाला न्हवता. बाकड्यावर बसलेल्यावर कोन गोल करतंय? आन् केला बी कुनी, तर माज्या माहेरच्यांनी!"

फैयाजने ते ऐकलं. खदखदून हसला, चेंडू मध्यावर भिरकावला आणि पुन्हा ओरडायला लागला, "चला, चला, वेळ आहे अजून!"

सामना बरोबरीतच सुटला. परत आल्यावर दातांच्या डॉक्टरांनी हाजराबीला विचारलं, "काय मग, फैयाज तिकडेही राखीव का?"

हाजराबी सुईत दोरा ओवत होती. तिने मान वर केली नाही. "न्हाई डाक्टर. तिकडं त्याच्यावर गोल हुत्यात."

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी समजावून सांगितलं नाही. त्यांनी कधीतरी नेवाशाला जाऊन बघावं.