आबांची खपली आणि सरकारचा नियम

माझ्या आतड्यांचं आणि गव्हाचं पटत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा वरवंडच्या आमच्या घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरली. सून चपाती खाणार नाही, शेवया खाणार नाही, मग खाणार तरी काय? बाजरीची भाकरी, असं मी म्हटलं. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, ते भलतंच लागलं. घरात गव्हाची पोती आणि सून बारा महिने भाकरीवर, लोकांना काय सांगायचं!

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की गव्हातलं जे मला बाधतं ते ग्लुटेन, खपली या जुन्या जातीच्या गव्हात नसतंच. आबांनी गुपचूप विहिरीकडच्या तुकड्यात खपली पेरली. मला वाटलं, जावयाच्या खिरीसाठी असेल. गहू निघाला, सडून-दळून आला, आणि आबांनी सासूबाईंच्या डोक्यावर उभं राहून पुरणपोळ्या करवून घेतल्या. पहिली माझ्या ताटात, वर तुपाची धार.

"खा पोरी. ह्यो खपली गहू तुझ्यासाठीच केलाय. घरचा हाय, फवारणीच्या औषधाचा थेंब न्हाई."

मी ताट सरकवलं. कुरकुंभला औषधांच्या कंपनीत मी लेबलं तपासते; एक अक्षर पुसट दिसलं तरी अख्खा माल अडवते. तो स्वभाव काही कंपनीच्या गेटवर ठेवून येता येत नाही.

"आबा, खपली म्हंजी गहूच की. ग्लुटेन असतंयच त्यात."

"मग शिरूरच्या बाजारात पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' छापत्यात ते खोटं व्हय?"

"खोटंच."

आबा गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांना असं तोंडावर 'खोटं' म्हणायची आमच्याकडे रीत नाही. ते जेवता जेवता उठले. मीही काही कमी नाही. त्यांच्या देखत भाकरी मोडून खाल्ली. वाईट वाटत होतं, पण रागाने भूक चांगली लागली होती.

खरी पंचाईत पुढेच होती. उरलेलं पीठ शिरूरच्या धान्य महोत्सवात विकायचं ठरवून आबा 'ग्लुटेन फ्री' असे स्टिकर छापून घेऊन आले. माझ्यासारखंच कुणीतरी विश्वासाने ते नेणार आणि पोट धरून लोळणार, या विचाराने मला राहवलं नाही. मी मोबाईलवरून सरकारचा नियम वाचून दाखवला: किलोला वीस मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असेल तर तसं लिहायचं नाही, आणि गहू असेल तर 'गहू' असं लिहायचंच.

"वीस मिलिग्रॅम म्हंजी किती?"

"चिमटीत घावायचं न्हाई एवढं."

"त्येवढ्यासाठी सरकार बसलंय व्हय? रस्त्यातलं खड्डं दिसत न्हाईत त्यास्नी!"

"बाजरीची पुरणपोळी लाटून दावा मग."

"फाटंल की."

"खपलीची का न्हाई फाटली? जे कणीक धरून ठेवतं ना, त्ये ग्लुटेनच मला बाधतंय."

आबा सुपारी कातरत राहिले. होही नाही, नाहीही नाही. चेअरमन असताना नको असलेले ठराव ते असेच लोंबकळत ठेवायचे.

शिरूरला मी मुद्दाम सोबत गेले. स्टॉल लागला, पाकिटं मांडली गेली, सगळ्यांवर ते हिरवे स्टिकर. मी भांडायच्या तयारीतच बसले होते.

आबांच्याच वयाचे एक टोपीवाले शेतकरी आले. पाकीट उलटंसुलटं करत म्हणाले, "पाहुणं, लेकीला गहू सोसत न्हाई. सणाला पोळीसाठी लय जीव टाकती बघा. ह्ये चालंल ना तिला?"

मी तोंड उघडणार, तोच आबांनी हात आडवा केला.

"पाहुणं, गहू एक नंबर हाय. माझ्या रानातला हाय. पण ह्या माझ्या सुनेला चालत न्हाई. तुमच्या लेकीला नगा दिऊ."

त्यांच्या हातातलं पाकीट आबांनी काढूनच घेतलं. शेजारच्या स्टॉलवरही खपलीच होती, तसाच स्टिकर लावलेली. आबांनी मान हलवली, "तिथलंबी नगा."

ते गृहस्थ गेले. आबांनी पाकीट मांडीवर घेतलं आणि नखाने स्टिकर खरवडायला लागले. मी दुसरं पाकीट उचललं. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले,

"त्या दिशी माझा मान राखाय म्हणून तू ती पोळी खाल्ली असतीस, तर गं?"

मी हातातल्या पाकिटावरचा स्टिकर सोलून काढला.

"न्हाई ना खाल्ली, आबा," मी म्हटलं, आणि त्यांच्याजवळ सरकून बसले.