जन्मस्थान कराची

माझा जन्म फाळणीच्या आदल्या वर्षी कराचीत झाला. आईचे वडील तिथे शाळामास्तर होते आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, एवढंच त्याचं कारण. दोन महिन्यांनी आई मला घेऊन नागपूरला परतली.

पुढे मला शिक्षिकेची सरकारी नोकरी लागली, तेव्हा कागद तपासणारा कारकून जन्मस्थानापाशी अडला.

"कराची? म्हणजे तुम्ही पाकिस्तानच्या झाल्या न, बाई."

"माझी आई माहेरी गेली होती, परदेशी नाही. तेव्हा पाकिस्तान नव्हतंच."

"तं मंग नागपूर लिहून टाका. कोण पाहायले येते?"

"तुमचा जन्म कुठला?"

"हिंगण्याचा."

"उद्या हिंगण्याभोवती कुंपण घातलं, तर तुम्ही नागपूर लिहाल?"

"मले काहून ओढता त्यात?" म्हणत त्याने फाइल मिटली. पंधरा दिवसांत नागरिकत्वाचा पुरावा आणला नाही, तर माझी जागा दुसरीला जाणार होती.

मी वाचनालयात बसून राज्यघटना वाचली. ती लागू झाली तेव्हा इथे कायम राहणाऱ्याचे आई किंवा वडील भारतात जन्मलेले असले, तर तो नागरिक. आईचा जन्मही कराचीचाच, पण वडील नागपूरजवळच्या सावनेरचे. तिथल्या कचेरीतून त्यांच्या जन्मनोंदीची नक्कल काढली आणि बाराव्या दिवशी कारकुनापुढे ठेवली. जन्म दिला आईनं, पण कायद्याला मी पटले ती वडिलांच्या कागदावरून.

शिक्का मारून त्याने विचारलं, "आता तरी नागपूर लिहू?"

"नाही," मी म्हटलं. "कराचीच राहू द्या."