पाहुण्यांनी विचारलेला शब्द

बरोबर उत्तर देऊनही हरल्यासारखं का वाटतं?

आज मला बघायला कागलचे पाहुणे आले होते. घरातली मी पहिली पदवीधर, म्हणून अप्पा येईल त्याला सांगतात, "विचारा की कुठलाबी इंग्रजी शब्द."

मुलाच्या मामांनी विचारलं, "ट्रूसो म्हंजे काय?"

जुना शब्द, पण मला येत होता. "नवरीनं माहेराहून आणायचे कपडे, दागिने, सामान."

"बरोबर. आता हे वडलांना नीट समजावून सांगा," मामा हसले.

अप्पांना रोख कळलाच नाही. "हुशार हाय माझी पोरगी," म्हणत राहिले.

मैत्रिणींनो, तुम्ही काय केलं असतं? अप्पा गोठ्यात धारा काढतायत. त्यांना सांगायची भीती वाटतेय. मामांना मात्र मी मघाशीच फोन करून नकार कळवलाय.