न वाजलेले भारे

टोकावड्याला जायचं तर कल्याणहून सरळ मुरबाडची एसटी धरायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी मात्र शहापूरमार्गे निघाले, कारण तिथल्या एका गवताच्या वखारीत मला एक गोष्ट विचारायची होती. मालक म्हणाले, "बाई, गवत म्हंजे गवत. त्यात काय बघायचं?" म्हटलं, त्यात खुळखुळा येतो का, तेवढं सांगा. खुळखुळा म्हणजे पिवळ्या फुलांचं विषारी झुडूप. सुकल्या शेंगा हलवल्या की आत बिया वाजतात. ओला असताना गुरं त्याला तोंड लावत नाहीत, पण गवतात वाळला की मुकाट खातात आणि हळूहळू यकृत जातं. "हल्ली येतो थोडा," एवढं बोलून मालक फोनला चिकटले.

किन्हवलीवरून सरळगावला जाणारी गाडी दीड तास आली नाही. आली तेव्हा कंडक्टरच आधी म्हणाला, "मॅडम, टाइम विचारू नका." फेब्रुवारीतच खिडकीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. तीस वर्षं मी वनस्पतिशास्त्र शिकवलं, मुलांच्या सहली इथेच आणल्या. तेव्हा खुळखुळ्याचं एक झुडूप दाखवायला अर्धा डोंगर चढावा लागे. आता तो माळ उतरून डांबरी रस्त्याला येऊन टेकलाय. पावसात मध्येच मोठा खंड पडतो, गवत करपतं आणि हा खोल मुळांचा मेला तगून राहतो. कारण हेच असावं. छातीठोकपणे सांगत नाही, तसं सांगून एकदा तोंडावर पडलेय.

टोकावड्यापुढच्या पाड्यावर (छोट्या वस्तीवर) हिराताई वाट बघत होती. आमच्या सहलींना ती रांधून घालायची, तेव्हापासूनची ओळख. आधी तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण पुढे केलं, मग गोठा दाखवला. दोन म्हशींतली एक संक्रांतीनंतर मेली होती. दुसरी गाभण. तिला पाऊस येईपर्यंत घालायला गंजीतलं तेच गवत.

दिवाळीत हिराताईने फोन केला होता, माळावर खुळखुळा लई दिसतो, काय करू? मी घरात बसून अक्कल पाजळली: भारा हलवायचा, वाजला तर टाकून द्यायचा.

"सगळे हलवले, बाई. वाजला नाय तोच घातला."

"कापलं कधी?"

"वाघबारशीआधी (दिवाळीच्या तोंडावरचा गुराख्यांचा सण) आमी माळाला विळा लावत नाय. मंग पाऊस हटंना. देवदिवाळी झाल्यावर कापलं."

कपाळ माझं. एवढ्या उशिरा शेंगा माळावरच तडकून बिया गळून गेलेल्या. विषारी काड्या-पानं भाऱ्यात तशीच, फक्त मुकी. कापणार कधी, हा साधा प्रश्न मी फोनवर विचारला नव्हता. मला माझाच राग आला.

दुपारभर आम्ही दोघी भारे सोडून काडी काडी निवडत बसलो. गवत बोटात मोडतं, खुळखुळ्याची काडी चिवट. मी चष्मा लावूनही चुकत होते. हिराताई मी निवडलेलं पुन्हा चाचपून बघायची. म्हैस दाव्याला हिसके देत ओरडत होती. शेवटी हिराताई निवडलेल्या गवताची कवळ घेऊन उठली आणि थांबली.

"घालू? नक्की सांगा."

"नक्की नाही सांगता येत, हिराताई."

"मागल्या टायमाला तर नक्की सांगितलेलं."

तिने कवळ म्हशीपुढे टाकली. म्हैस अधाशासारखी खायला लागली.

परतीची एसटी वेळेवर मिळाली, पण त्याचंही बरं वाटलं नाही. पाऊस तारखा पाळत नाही, झुडपं जागा पाळत नाहीत, आणि मी पाठ केलेलं ज्ञान लोकांच्या गोठ्यात सोडत होते.

आता दर रविवारी फोन करते. काय म्हणते म्हैस?

"खाते, पिते. चांगली हाय," हिराताई सांगते. मग म्हणते, "पहिली पण खात होती, बाई."