नाटक कंपनीतलं माझं एक वर्ष

नाटक कंपनीत वर्ष काढलेल्या माणसाकडे दोन गोष्टी साठतात. घशाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि किस्से. पाकिटं फेकून देता येतात. किश्शांचं तसं नसतं. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "अशू, तो दरडीचा सांग ना!" की मी सुरू. ऐकणारे हसून हसून चहा सांडतात. मी पण हसते. पण खरं सांगू? त्या वर्षभरात मी हसले कमी आणि घाबरले जास्त.

तर ऐका.

*

मी महाडला मावशीकडे राहून बी.एस्सी. करत होते. दुसरं वर्ष नुकतंच संपलं होतं. त्याआधी एका गायनस्पर्धेत अप्पा परीक्षक म्हणून आले होते. साठी उलटलेले, पांढरी दाढी, एका संगीत नाटक कंपनीचे मालक आणि दिग्दर्शक दोन्ही. स्पर्धेत माझा नंबर आला नाही, पण अप्पांनी नाव लिहून घेतलं होतं. मे महिन्यात त्यांचा फोन आला.

"आमच्या नाटकात राणीच्या सखीचं काम करणारी मुलगी लग्न करून परदेशी चाललीय. दोन पदं आहेत तुला. वर्षभराचा दौरा. येतेस?"

"आणि कॉलेज?"

"कॉलेज दगडी आहे ना? मग कुठे पळून जातंय!"

हे घरी सांगायचं कसं? आमचं घर पोलादपूरच्या वर, कुडपणच्या पठारावरच्या एका वाडीत. त्या वाडीतून सायन्स घेऊन बारावी झालेली पहिली मुलगी मीच. जीपमधून वर जाताना सगळी वाक्यं पाठ केली होती. दारात पोचले आणि एकही आठवेना! शेवटी एका दमात बोलून टाकलं.

आई म्हणाली, "अगो, म्हंजे तोंडाला रंग लावून?"

बाबा उठले, म्हशीला पाणी दाखवून आले, पुन्हा बसले. मग म्हणाले, "बारावी झालीस तवा वाडीत पेढं वाटलं मी. आता काय वाटू?"

त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. त्या दिवशी नाही, निघताना नाही, पुढे फोनवरही नाही.

*

एका वर्षासाठी शिक्षण थांबवतेय, असा अर्ज घेऊन केमिस्ट्रीच्या सरांची सही घ्यायला गेले. सर अर्ज वाचतायत, वाचतायत, मान वरच करेनात.

"नाटकात पात्रं किती?"

"नऊ, सर."

"त्यात तू कितवी?"

मी मनातल्या मनात मोजलं. "सातवी असेन, सर."

"आणि वर्गात कितवी येतेस?"

"अकरावी... बारावी."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. "प्रगती आहे. जा!"

सही तर मिळाली. पण जिना उतरताना मला वाटायला लागलं, हे मला शाबासकी देत होते की कटवत होते?

*

तालमी पुण्याला. पहिल्याच दिवशी माझं पहिलं वाक्य होतं, "महाराज, त्या इथे नाहीत." सोपं आहे ना? मी ऐटीत पुढे आले, हात जोडले आणि म्हणाले, "महाराज, त्या हितं नायत!"

महाराज झालेला नट खाली बसला. हसून.

अप्पा मात्र हसले नाहीत. "नाहीत. इथे. नाहीत. शंभर वेळा." मग खोलीत, जिन्यात, केस विंचरताना, भाजी चिरताना, एकच जप. नाही, नाहीत, आहे, आहेत. भीती अशी की रंगमंचावर एक 'हाय' निसटला तर कंपनी परत पाठवेल, आणि परत जायला आता कॉलेजही नाही. झोपेत बडबडायला लागले होते मी.

पंधराव्या दिवशी आईचा फोन. "जेवलीस?"

"नाही गं आई, अजून जेवले नाही. इथे जेवायला थोडा उशीर होतो."

मग आई एकदम परक्या आवाजात म्हणाली, "कोन बोलताय आपन?"

"आई, मीच! अशू!"

"अशू?" ती ओरडलीच. "बाय माझी, तुला काय केलानी गो त्यांनी?"

*

पहिला प्रयोग दुपारी चारचा. माझं पहिलं पद दुसऱ्या प्रवेशात. विंगेत उभी राहिले तेव्हा पायातलं पैंजण आपोआप वाजत होतं. इतकं की मृणालताईंनी, म्हणजे आमच्या राणीने, वाकून ते हाताने धरून ठेवलं.

आमच्या कंपनीत ऑर्गन वाजवायचे विनूकाका. बुटके, गोरे, ओठांच्या कोपऱ्यात कायम लवंग. त्यांनी सूर दिला. मी पाहिलं तर समोर अंधार, आणि त्या अंधारात नुसते चष्मे चमकतायत. मी डोळे मिटले आणि उचललं पद! जीव खाऊन गायले. टाळ्या पडल्या. एकाने 'वन्समोअर' पण दिला.

मध्यंतरात नाचतच विनूकाकांकडे गेले. ते बोटं चोळत बसले होते.

"बसवलं होतं काळी चारात," ते म्हणाले. "तू उचललंस पांढरी सहात."

म्हणजे भीतीने मी अख्खी अर्धी पट्टी वर चढवली होती, आणि त्यांनी चालू पदात सगळी बोटं सरकवून मला सांभाळून घेतलं होतं. "काका, लोकांना कळलं असेल?"

"लोकांना नाही कळलं," ते म्हणाले. "लवंग गिळली मी."

*

पावसाळ्यात खेडला प्रयोग लागला. चारचा. आमची बस सकाळी नऊला पोलादपूर सोडून निघाली. त्या दिवशी कशेडीच्या बोगद्याची वाहतूक जुन्या घाटाने वळवलेली. आम्ही वर चढलो आणि पुढे दरड! मागे ट्रक, पुढे ट्रक, मध्ये आम्ही.

बारा वाजले तरी गाडी हलेना. अप्पा उठले. "रस्ता मोकळा झाल्यावर थेट स्टेजवर जायचंय. इथेच रंगायला घ्या." मग बसमध्येच मेकअप. बाहेर धो धो, आत एकाच आरशापुढे तीन बायका. मी कपाळभर ओला लाल रंग लावला तेवढ्यात बस गचकन पुढे सरकली, आणि तो रंग ओघळला थेट गालापर्यंत.

पुसायला कापड शोधतेय तोच खिडकीवर टकटक. बघते तर आमच्या वाडीतले शंकरतात्या! त्यांची एसटी मागे अडकली होती, म्हणून छत्री घेऊन दरड बघायला आले होते. मला बघून त्यांची छत्रीच कलली.

"अगो अशू! ह्ये काय झालं?"

"काय नाय तात्या, बरी हाय मी!" शंभर वेळा घोटलेलं सगळं पाण्यात गेलं, पण त्यांना पुढे काही सांगायच्या आत पोलिसांनी शिट्टी मारली आणि आमची बस निघाली.

तात्यांनी घाटातूनच वाडीत फोन लावला. वाडीत बातमी काय पोचली? अशूच्या गाडीवर दरड पडली, पोरगी रक्तानं न्हालीय, पन बोलतेय!

खेडला पोचलो, मी विंगेत पळतेय आणि हातातला मोबाइल वाजला. पडद्यावर नाव: बाबा. तीन महिन्यांत पहिल्यांदा! आईला तर काही झालं नसेल?

"हॅलो? बाबा? हॅलो! बोला ना!"

पलीकडे नुसता पाऊस ऐकू आला. आणि एक लांब श्वास. मग फोन कट.

मी लगेच परत लावला. उचलला आईने. "काय नाय गो. तुझा आवाज ऐकला आनि ठेवला त्यांनी. आता भात खातायत. बातमी आल्यापासून जेवले नव्हते."

*

दौऱ्यात एक धास्ती मला कायम असायची, ती म्हणजे जूनची. बरोबरच्या मुली तिसऱ्या वर्षाला गेल्या, ग्रुपवर प्रॅक्टिकलचे फोटो टाकतायत आणि मी बसमध्ये बसून पदं घोकतेय. मी परत जाईन ना? की अशीच राहीन?

पाचाडला एकदा जेवायला थांबलो होतो. पिठलं-भाकरी होती, मी आणि मृणालताई शेजारी. मला कुणीतरी सांगितलं होतं की त्याही कॉलेज मध्येच सोडून कंपनीत आल्या होत्या, एका वर्षासाठीच. म्हटलं, विचारावं. धीर येईल.

"ताई, तुम्ही मग परत कॉलेज जॉइन केलंत?"

"अगं म्हणजे काय! येत्या जूनला करतेय," त्या भाकरी मोडत म्हणाल्या.

"येत्या?"

"हो. दरवर्षी येत्याच जूनला असतं माझं. बावीस वर्षं झाली." आणि माझ्याकडे बघून, "पिठलं खा ना, गार होतंय!"



*

फेब्रुवारीत आमचा प्रयोग महाडला लागला. दुपारचाच. कॉलेजमधले सगळे येणार, केमिस्ट्रीचे सर येणार. मी पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या आईबाबांसाठी ठेवल्या आणि आईला फोनवर दहा वेळा सांगितलं.

पडदा वर गेला. एका खुर्चीवर आई. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी.

अख्खं नाटक मी त्या खुर्चीकडे न बघायचा प्रयत्न करत होते. दोन्ही पदं झाली. कशी झाली मला आठवत नाही. विनूकाका म्हणाले, पट्टी बरोबर होती. पडदा पडल्यावर रंग न पुसताच मी बाहेर धावले. आई दारवानाशी बोलत उभी होती.

दारवान मला म्हणाला, "तुमचे वडील सबंध वेळ हितं दाराच्या पडद्याआड उभे होते. मी म्हटलं, पुढे खुर्ची हाय तुमची, जाऊन बसा. तर म्हनाले, नको. तिनं मला बघितलं तर तिचं चुकंल."

"मग आता कुठे आहेत?"

"आत्ताच गेले. पोलादपूरची गाडी चुकंल, पुढं होतो म्हनाले."

*

आणि आता शेवटचा. हा मी कॅन्टीनमध्ये सांगत नाही सहसा.

जून आला. दौरा संपला. जुलैपासून पुढचा दौरा ठरत होता आणि अप्पा म्हणाले होते, "सोमवारपर्यंत सांग. शनिवार-रविवारचेच प्रयोग तुला देईन हवं तर." मी काहीच कबूल केलं नव्हतं. घरात विषय काढायची हिंमत नव्हती. कॉलेजने सांगितलं, मधल्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र आणा, मग प्रवेश. आईने बाबांना माझ्याबरोबर धाडलं. जीपमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो, पण ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी चपलेकडे.

महाडच्या तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून एक चष्मेवाले गृहस्थ प्रतिज्ञापत्रं टाइप करून देतात. त्यांनी माझं नाव, वर्ग विचारला आणि कॉम्प्युटरवर तयार मजकूर उघडला. वाचून दाखवला.

"सदर कालावधीत मी कोणत्याही संस्थेत शिक्षण घेतलेले नाही. कोणतीही नोकरी वा व्यवसाय केलेला नाही. मी घरीच होते. बरोबर?"

हे खोटं आहे. पण खरं लिहिलं आणि कॉलेजने प्रवेशच नाकारला तर? नाटकवाली म्हणून बाहेर उभं केलं तर?

"सगळे ह्येच लिवतात," ते म्हणाले. "कुनी विचारत नाय. काढू प्रिंट?"

"काढा," मी म्हणाले.

"थांबा," बाबा म्हणाले.

ते पुढे झाले. बाबा सातवी शिकलेत. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. बोट 'घरीच होते' वर थांबलं.

"ही घरी कवा होती?"

"काका, तो फॉरमॅट हाय."

"वर्षभर हिचं ताट नव्हतं आमच्या घरात. घरीच होती असं कसं लिवता?"

मागे सात-बाराचे कागद घेऊन माणसं ताटकळली होती. एकजण पुढे वाकून ऐकायला लागला. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. "बाबा, राहू दे ना. उगीच प्रवेश अडकेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मग काय करत होती?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

बाबांनी टोपी काढली, हातात धरली. "गात होती. नाटकात."

खडाखड बटणं वाजली. जुनी ओळ गेली, नवी आली. गृहस्थांनी मोठ्याने वाचली, "सदर कालावधीत मी व्यावसायिक संगीत नाटकात गात होते. झालं समाधान?"

बाबांचं बोट पुन्हा पडद्यावर गेलं. शेवटच्या शब्दाशी थांबलं.

"हितं चुकलंय."

"आता काय चुकलं?"

"गात होते नाय. गाते."

"अहो काका, वर्ष संपलं ना ते! कॉलेजात चाललीय ना ती आता? 'सदर कालावधीत गाते' असं वाक्य होत नाय!"

बाबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"ते वाक्याचं तुमचं तुमी बघा, साहेब," ते म्हणाले. "पोरगी गाते."